धूसर अक्षरे : दोष डोळ्यांचा की प्रोग्रॅमचा?

"दादा, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले. नंबर तोच आहे म्हणतात. मग मला अक्षरं अशी पुसट का दिसतात?"

साताऱ्यात रक्ततपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवणाऱ्या एका ताईंचा हा फोन, २०२५ च्या नोव्हेंबरातला. ताईंनी पन्नाशी ओलांडली आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शक आणि संगणक यांच्यामध्ये त्यांची नजर फिरत असते. त्यामुळे अक्षर पुसट दिसले की आधी डोळ्यांवरच संशय येणार, हे ओघानेच आले.

झाले होते असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. ताईंचा जुना संगणक विंडोज ११ पेलणारा नव्हता. म्हणून दिवाळीत त्यांनी १५.६ इंची नवा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने जुन्या संगणकावरचा प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम नव्यावर घालून दिला आणि तो चालूही झाला. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ताईंचे कपाळ दुखू लागले. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला आणि शेवटी डॉक्टर गाठले.

मी त्यांना फोनवरच एक गोष्ट करायला सांगितली. "प्रोग्रॅमच्या शेजारी नोटपॅड उघडा आणि त्यात चार आकडे टाइप करा."

क्षणभर शांतता. मग, "अरे, हे तर लख्ख दिसतंय की!"

डोळे तेच, चष्मा तोच, पडदाही तोच. एका खिडकीतली अक्षरे स्वच्छ आणि शेजारच्या खिडकीतली धूसर. म्हणजे दोष ताईंच्या डोळ्यांत नव्हता, प्रोग्रॅममध्ये होता. आणि तो प्रोग्रॅम २००९ मध्ये मीच लिहिला होता.

ठिपक्याची पायली

संगणकाच्या पडद्यावरचे प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणारा चौकट आखताना संगणकाला सांगतो, ही चौकट १०० ठिपके रुंद आणि २० ठिपके उंच असू दे. पण एक ठिपका किती मोठा, हे मात्र कुठेच ठरलेले नसते.

आपल्याकडे पूर्वी धान्य पायलीने मोजत. पायलीचे माप गावोगावी वेगळे. त्यामुळे नुसते 'दहा पायली ज्वारी' म्हणून भागत नसे, कुठली पायली हे विचारावे लागे. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा आला आणि पुढच्या काही वर्षांत किलो-लिटर सगळीकडे रुळले. पिक्सेल ही मात्र अजून पायलीच आहे. पडदा बदलला की तिचे माप बदलते.

मी हा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा माझ्या टेबलावर १७ इंची मॉनिटर होता. आडवे १,२८० आणि उभे १,०२४ ठिपके. हिशेब केला तर इंचाला जवळपास ९६ ठिपके भरतात. विंडोजनेही पूर्वीपासून हाच आकडा धरलेला आहे. छपाईत अक्षराची उंची पॉइंटमध्ये मोजतात आणि एका इंचात ७२ पॉइंट असतात. पडदा कागदापेक्षा लांबून वाचला जातो, म्हणून अक्षर एक तृतीयांशाने मोठे दिसावे, या हिशेबाने ७२ चे ९६ झाले. माझा मॉनिटर आणि विंडोजचे गृहीतक यांचा असा मेळ बसला होता. त्यामुळे आपण काही गृहीत धरतो आहोत, हेच मला कधी जाणवले नाही.

ताईंच्या नव्या लॅपटॉपवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके आहेत, तेही १५.६ इंचांत. म्हणजे इंचाला सुमारे १४१ ठिपके. माझी १०० ठिपक्यांची चौकट जशीच्या तशी इथे काढली, तर ती जुन्या मॉनिटरच्या मानाने ६८ टक्क्यांवर येते. २७ इंची 'फोर-के' पडद्यावर इंचाला सुमारे १६३ ठिपके असतात. तिथे ती ५९ टक्के उरेल. चाळिशी उलटलेल्या माणसाने ती वाचायची कशी?

ठिपके बारीक होणे ही मुळात चांगलीच गोष्ट आहे. डोळे तपासताना आपण जो अक्षरांचा तक्ता वाचतो, तो नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. '६/६' नजर म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखणारी नजर. ६० सेंटिमीटरवरच्या पडद्याला हेच माप लावले, तर तो बारकावा सुमारे ०.१७ मिलिमीटरचा येतो. माझ्या जुन्या मॉनिटरचा ठिपका ०.२६ मिलिमीटरचा होता. त्यामुळे अक्षराच्या कडांना पायऱ्या दिसत. नव्या लॅपटॉपचा ठिपका ०.१८ मिलिमीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ नजरेच्या मर्यादेपर्यंत बारीक. तेच अक्षर तेवढ्याच आकारात, पण जास्त ठिपके वापरून काढले, तर ते छापील पुस्तकासारखे रेखीव दिसते.

त्यासाठीच विंडोजमध्ये 'स्केल' नावाची सोय आहे. १२५ टक्के, १५० टक्के असे आकडे तिथे दिसतात. १२५ टक्के म्हणजे प्रत्येक वस्तू सव्वापट ठिपके वापरून काढा. ताईंच्या लॅपटॉपवर हाच आकडा होता. मग घोटाळा कुठे झाला?

चौकातल्या फ्लेक्ससारखे

घोटाळा असा, की ही सोय एकट्या विंडोजच्या हातात नाही. प्रोग्रॅमनेही तिला साथ द्यावी लागते. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोज पाहते, की पडद्याचे माप बदलते हे या प्रोग्रॅमला माहीत आहे का? नवे प्रोग्रॅम 'हो' असे कळवतात. माझा २००९ चा प्रोग्रॅम गप्प बसतो. कारण असा काही प्रश्न असतो, हेच तो लिहिणाऱ्याच्या ध्यानात नव्हते.

अशा गप्प प्रोग्रॅमचे काय करायचे, याचा एक तोडगा मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात काढला. विंडोज त्या प्रोग्रॅमला सरळ खोटे सांगते, "पडदा ९६ चाच आहे, तू काढ चित्र." प्रोग्रॅम बिचारा आपल्या सवयीने छोटे चित्र काढतो. विंडोज ते चित्र उचलते आणि ताणून सव्वापट करून पडद्यावर लावते.

आपल्याकडे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. त्यांत मधला मोठा फोटो चांगला असतो. पण कोपऱ्यातला एखादा कार्यकर्ता पुसट दिसतो. कारण त्याचा मोबाइलवरून आलेला इवलासा फोटो तसाच ताणलेला असतो. ताईंच्या पडद्यावरही हेच चालले होते. चार ठिपक्यांचे चित्र पाच ठिपक्यांत बसवायचे. काळा आणि पांढरा यांच्या सीमेवर अर्धामुर्धा ठिपका येतो. ठिपक्याचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून तिथे राखाडी रंग भरला जातो. तीच ती धूसर कड.

म्हणजे हा धूसरपणा ही विंडोजने केलेली तडजोड आहे. ती डोळ्यांना त्रास देते, पण तिच्यात एक गुण आहे. चित्र पुसट असते, तरी पूर्ण असते. काहीही कापले जात नाही. या गुणाची किंमत मला पुढच्याच आठवड्यात कळली.

पंधरा हजार की दीड लाख?

ताईंचा भाचा अभियांत्रिकीला आहे. त्याने इंटरनेटवर शोधून उपाय काढला. प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथे 'कम्पॅटिबिलिटी', त्यात 'हाय डीपीआय' आणि मापे कोणी सांभाळायची या प्रश्नाला उत्तर 'ॲप्लिकेशन'. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला आणि अक्षरे लख्ख! ताईंनी मला आनंदाने कळवले. मीही 'वा' म्हणालो. तिथेच चुकलो.

चार दिवसांनी संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा होता. तापाच्या एका रुग्णाचे रक्त तपासायला आले होते. डेंग्यूचा संशय होता. डॉक्टर फोनवर प्लेटलेटचा आकडा विचारत होते. ताई पडद्याकडे पाहून सांगणार होत्या, 'पंधरा हजार'. तेवढ्यात रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राची चिठ्ठी त्यांच्या हातात होती, तिच्यावर नजर गेली. चिठ्ठीवर १५०००० होते. दीड लाख.

प्लेटलेटचे सामान्य प्रमाण दर मायक्रोलिटरला दीड लाख ते साडेचार लाख असते. म्हणजे दीड लाख हा काठावरचा, पण बरा आकडा. पंधरा हजार म्हटले असते, तर डॉक्टरांनी रुग्णाला त्याच रात्री हलवण्याची तयारी केली असती. घरच्यांची धावपळ झाली असती. प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांना फोन गेले असते. एक शून्य पडद्यावर दिसले नाही, एवढ्यावरून.

शून्य गेले कुठे? कुठेच नाही, ते चौकटीच्या आड होते. मी प्लेटलेटच्या चौकटीची रुंदी कोडमध्ये हाताने लिहिली होती. आत ४८ ठिपक्यांची जागा. माझ्या मॉनिटरवर एक आकडा ७ ठिपके घेई, सहा आकडे ४२ मध्ये बसत. भाच्याने बदललेल्या सेटिंगमुळे विंडोजने ताणणे थांबवले आणि प्रोग्रॅमला खरे माप सांगितले. अक्षराचे माप पॉइंटमध्ये होते, म्हणून अक्षर सव्वापट वाढले. आकडा ९ ठिपक्यांचा झाला. चौकटीचे माप मात्र ठिपक्यांत होते, ते ४८ वरच राहिले. पाच आकडे ४५ मध्ये बसले आणि सहावे शून्य बाहेर गेले. त्याची डावी कड तेवढी चौकटीच्या रेषेला चिकटून दिसत होती. ती जणू रेषेचाच भाग वाटावी.

छापील अहवालात आकडा बरोबर होता, कारण छपाईचे माप वेगळ्या जागी आणि इंचांत लिहिलेले होते. फसवणूक फक्त पडद्यावर होती. पण फोनवर आकडा पडद्यावरूनच सांगितला जातो.

सरकारी कचेरीत आपण स्वयंघोषणापत्र देतो. 'वरील माहिती खरी आहे' असे लिहून खाली सही करतो. प्रोग्रॅमचेही तसेच असते. 'मला पडद्याचे माप कळते' हे एका छोट्या फाइलमध्ये एका ओळीत लिहून द्यायचे असते. या फाइलला मॅनिफेस्ट म्हणतात. विंडोज ही घोषणा तपासत नाही, विश्वास ठेवते आणि आपला आधार काढून घेते. भाच्याने तेच केले होते. माझ्या प्रोग्रॅमच्या नावाने त्याने सही करून टाकली होती. त्याचा दोष नाही. खरे तर अनेक प्रोग्रॅमर स्वतःही एवढेच करतात. ती एक ओळ घालतात, अक्षरे स्वच्छ दिसली की 'काम झाले' म्हणतात. कापलेला आकडा त्या दिवशी पडद्यावर असेलच असे नाही.

मी ताईंना सेटिंग आधी होते तसे करायला सांगितले. "थोडे दिवस पुसटच चालवा. पुसट आकडा बघून माणूस दोनदा वाचतो. स्वच्छ पण कापलेला आकडा तो एकदाच वाचतो."

आधी काम, मग सही

मग मी दुरुस्तीला बसलो. सुरुवातीला वाटले, दोन दिवसांचे काम. लागले तीन आठवडे.

पहिले काम मोजमापाचे. कोडमध्ये जिथे जिथे ठिपक्यांत माप लिहिले होते, ती प्रत्येक जागा शोधली. अशी मापे शेकड्यांनी निघाली. चौकटींची रुंदी, तक्त्यातल्या ओळींची उंची, बटणांमधले अंतर, कडेची रेघ. ही सगळी मापे '९६ च्या पडद्यावरचे मूळ माप' अशी एका जागी नोंदवली आणि पडद्याचे प्रमाण विचारून त्या पटीत वाढवली.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे. शक्य तिथे माप लिहिणेच सोडून दिले. आतला मजकूर जेवढा, तेवढी चौकट व्हावी, असे सांगितले. शिंपी कापड बेतताना अंगाचे माप घेतो. मी इतकी वर्षे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवत होतो.

तिसरे काम चित्रांचे. बटणांवरची छोटी चित्रे १६ ठिपक्यांची होती. ती ताणली की पुन्हा फ्लेक्सचाच प्रकार. म्हणून प्रत्येक चित्र १६, २०, २४ आणि ३२ ठिपक्यांत वेगवेगळे तयार केले.

चौथे काम तपासणीचे. प्रत्येक खिडकी १००, १२५, १५०, १७५ आणि २०० टक्क्यांवर उघडून पाहिली. तपासताना प्रत्येक चौकटीत शक्य तो सर्वांत लांब आकडा भरला. प्लेटलेटच्या चौकटीत सात आकडी संख्या, नावाच्या चौकटीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव मिळून जेवढे लांब होईल तेवढे. शिवाय एक पहारेकरी ठेवला. आकडा चौकटीत पूर्ण मावत नसेल, तर चौकट लाल व्हावी. कापलेला आकडा गुपचूप दिसता कामा नये.

हे सगळे झाल्यावर शेवटी ती एक ओळ लिहिली. घोषणा.

सांगलीत दोन पडदे

साताऱ्याचे काम संपले, तोवर हळदीचा हंगाम सुरू झाला होता. सांगलीच्या एका अडत दुकानातही माझाच प्रोग्रॅम चालतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हंगामात इथले सौदे जोरात असतात. सौदा झाला की पोती, वजन, दर, हमाली, तोलाई असा सगळा हिशेब मांडून शेतकऱ्याची पट्टी निघते. या दुकानाने एक चांगली पद्धत ठेवली आहे. दिवाणजींच्या लॅपटॉपला एक मोठा मॉनिटर जोडलेला आहे. पट्टी छापण्याआधी तिची खिडकी त्या मॉनिटरवर सरकवतात, म्हणजे समोर उभ्या शेतकऱ्याला नाव आणि वजन स्वतः वाचून घेता येते. मग खिडकी परत लॅपटॉपवर.

लॅपटॉप १२५ टक्क्यांवर, मॉनिटर १०० टक्क्यांवर. एकाच टेबलावर दोन वेगळ्या पायल्या. प्रत्येक पडद्याला वेगळे प्रमाण देण्याची सोय विंडोजमध्ये २०१३ च्या ८.१ पासून आहे. २०१७ च्या विंडोज १० मधल्या सुधारणेनंतर खिडकीची शीर्षपट्टी, मेनू असे काही भाग विंडोज स्वतःच वाढवते-घटवते. उरलेले प्रोग्रॅमने पाहायचे. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेली, की विंडोज प्रोग्रॅमला निरोप धाडते, 'माप बदलले'. तो निरोप ऐकून सगळी मांडामांड पुन्हा करायची.

मी ती केली होती. सांगलीला जाऊन प्रोग्रॅम बसवला, चार वेळा खिडकी सरकवून दाखवली आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाणजींचा फोन. "साहेब, मुळेकाका पट्टी घ्यायला तयार न्हाईत. म्हणत्यात, माझं नाव मळे न्हवं."

मुळे यांचे मळे कसे झाले? देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. रोमन लिपीच्या मानाने तिला उभी जागा जास्त लागते. आर. के. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर आला आणि मराठी घराघरांतल्या संगणकावर पोहोचली. पण रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या चौकटींत हा वरचा-खालचा पसारा अनेकदा मावत नाही. आधी कापला जातो तो तळ. म्हणजे उकार. 'गूळ' लिहिले की 'गळ' दिसतो.

मी मूळची उंची व्यवस्थित, २३ ठिपके ठेवली होती. चूक वेगळीच होती. खिडकी लॅपटॉपवर आली की २३ चे सव्वापट करायचे. ते होतात २८.७५. अपूर्णांक टाकून २८. खिडकी मॉनिटरवर गेली की २८ ला सव्वाने भागायचे. ते २२.४, म्हणजे २२. पुढच्या फेरीत २२ चे २७ आणि २७ चे २१. तिसऱ्या फेरीत २१ चे २६ आणि २६ चे २०. तीन फेऱ्यांत २३ ची ओळ २० वर आली. मी चार वेळा सरकवले, म्हणजे दोनच फेऱ्या झाल्या. दिवाणजी सकाळपासून प्रत्येक पट्टीला सरकवत होते.

उपाय साधा होता. प्रत्येक वेळी आत्ताच्या मापावरून नवे माप न काढता, नोंदवून ठेवलेल्या मूळ २३ वरूनच काढायचे. नकलेवरून नक्कल काढत गेले की अक्षर जाते, मूळ प्रतीवरून काढली की राहते, हे कोणत्याही दिवाणजीला कळते. मला कळायला मुळेकाका लागले. त्यांनी स्वतःचे नाव डोळ्यांनी वाचले म्हणून चूक सापडली.

मग डोळ्यांचे काय?

पुसट अक्षरे वाचून मोठ्या माणसाच्या डोळ्यांना कायमची इजा होते, असे नाही. पण शीण नक्की येतो. जवळचे वाचताना डोळ्यातले स्नायू भिंगाचा आकार बदलून प्रतिमा स्पष्ट करतात. प्रतिमा पुसट असणे, हीच त्यासाठी डोळ्याला मिळणारी एक खूण असते. चित्रच पुसट असेल, तर डोळ्याने काहीही केले तरी ते स्पष्ट होत नाही. त्यात साधारण चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता कमी होत जाते, म्हणून जवळचे वाचायला चष्मा लागतो.

पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्याही कमी मिटतो. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. शिवाय अक्षर नीट दिसत नसले की माणूस नकळत पुढे झुकतो. मग मान आणि खांदे बोलू लागतात. ताईंच्या डोकेदुखीत यातला वाटा कशाचा किती, हे सांगता येणार नाही. पण 'आता वय झाले' असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर कारण कधीच सापडले नसते.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. सगळाच धूसरपणा प्रोग्रॅमवर ढकलू नये. मधुमेह असणाऱ्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. अचानक अंधुक दिसू लागले, एका डोळ्याने कमी दिसू लागले, डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा चमक दिसू लागली, तर संगणकाच्या सेटिंगमध्ये वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

काय करावे?

धूसर प्रोग्रॅमच्या शेजारी नोटपॅड किंवा ब्राउझर उघडून पाहा. एकच खिडकी धूसर असेल, तर दोष त्या प्रोग्रॅमचा. सगळेच धूसर असेल, तर पडद्याचे सेटिंग आणि आपले डोळे, दोन्ही तपासा.

अक्षर मोठे करण्यासाठी पडद्याचे रिझोल्युशन कमी करू नका, त्याने सगळेच पुसट होते. रिझोल्युशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडा ठेवा आणि 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' इथे जाऊन 'स्केल' वाढवा.

जुना प्रोग्रॅम धूसर दिसत असेल, तर त्याच्या 'कम्पॅटिबिलिटी'मधल्या 'हाय डीपीआय' सेटिंगमध्ये आधी 'सिस्टिम (एनहान्स्ड)' हा पर्याय वापरून पाहा. त्यात मापे विंडोजच सांभाळते आणि काही जुन्या प्रोग्रॅमची अक्षरे बरीच सुधारतात. सगळ्यांना तो लागू पडत नाही. 'ॲप्लिकेशन' हा पर्याय निवडलाच, तर प्रत्येक खिडकीतला सर्वांत लांब आकडा आणि उकार असलेली नावे पूर्ण दिसतात का, हे कागदाशी ताडून पाहा. जिथे औषध, रक्त किंवा पैसा यांचे आकडे आहेत, तिथे ही तपासणी टाळू नका.

प्रोग्रॅम विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. तुमचा प्रोग्रॅम १२५ आणि १५० टक्क्यांवर तपासला आहे का? दोन वेगळ्या पडद्यांवर सरकवून पाहिला आहे का? 'आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतो' हे उत्तर पुरेसे नाही. मीही १६ वर्षे तेच म्हणत होतो.

आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहा. साताऱ्यात असाल तर खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असेलच.

ताईंचा प्रोग्रॅम आता स्वच्छ दिसतो. प्लेटलेटच्या चौकटीत सात आकडेही मावतात. पण फोनवर आकडा सांगताना ताई अजूनही आधी यंत्राची चिठ्ठी वाचतात, मग पडदा पाहतात, मगच बोलतात. ही सवय सोडू नका, असे मी त्यांना सांगितले आहे.